आईची पानपट्टी

माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान कोल्हापुरात, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या एका बोळात आहे. दसरा चौकातून चालत चार मिनिटं. निम्मं गिऱ्हाईक दवाखान्याचं. डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट, रेशन कार्ड, आधार, कुठल्या तरी योजनेचा फॉर्म, सगळं तीन-तीन प्रतींत. कागद काचेवर पालथा घालताना नजर जातेच. वाचू नये हे कळतं, पण डोळे कुठं ठेवणार? अशानं सतरा-अठरा वर्षांत मला निम्मी डॉक्टरकी आली होती. डीएम म्हणजे साखर, एचटीएन म्हणजे बीपी, सीव्हीए म्हणजे अर्धांग, एलएससीएस म्हणजे सिझर. समोरचा चहावाला मला डॉक्टरीणबाई म्हणूनच हाक मारतो आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

डिसेंबर २०१७ मध्ये माझ्याच आईचं कार्ड त्या काचेवर ठेवलं आणि डॉक्टरकी संपली. निदानाच्या रकान्यात शाईच्या पेनानं एक लांबलचक शब्द होता, ओळीत मावला नाही म्हणून शेवटी खाली वळवलेला. पॅनहायपोपिट्यूटरिझम. त्याच्याखाली कंसात शीहान सिंड्रोम. इतक्या वर्षांत हजारो कार्डं या काचेवरून गेली असतील, हा शब्द एकदाही गेला नव्हता. किंवा गेला असेल, मला तो दिसला नसेल.

आईला अर्थातच तो म्हणता येईना. वॉर्डातले शिकाऊ डॉक्टर आपसांत 'पॅनहायपोपिट' एवढंच म्हणायचे. ते ऐकून ऐकून तिनं आपल्यापुरतं सोपं करून घेतलं. भेटायला आलेल्या शेजारणीला म्हणाली, "मला पानपट्टी झालीया." शेजारीण घाबरली. तिला वाटलं, तंबाखूचा काहीतरी रोग.

*

या शब्दाआधी आईला पुष्कळ शब्द होते. आज्जीचा शब्द 'गार'. "गार बाई हाय, हिच्या हातनं काय हुणार." काकीचा 'मंद'. आबांचा शब्द नव्हता, वाक्य होतं: "पाय मोडून बसलीया बघ." गावातल्या बायका बाळंतवारं म्हणायच्या, बाहेरची बाधा म्हणायच्या. एकदा जोतिबाला नेलं होतं, एकदा गाणगापूरला. माझा शब्द 'आळशी'. दहावीच्या वर्षी मी तिला तोंडावर म्हणाले होते. डबा वेळेत झाला नाही म्हणून. ती काही बोलली नाही. ती तेव्हा कशालाच काही बोलायची नाही.

मे महिन्यात स्वेटर घालणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? कोल्हापुरात मे महिन्यात पत्र्याखाली अंगाची लाही होते आणि आमची आई डोक्याला स्कार्फ बांधून, बाह्यांचं स्वेटर घालून चुलीजवळ बसलेली असायची. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. चेहऱ्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी, तिशीतच. आणि रंग उजळलेला. हे एक मला नंतर कळलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. शेतात राबणारी माणसं काळवंडतात, आई उलटी फिकी पडत गेली, तर नातेवाईक कौतुक करायचे, "शहरात येऊन गोरी झाली की वं तुमची सून." ते रक्तातलं आणि कातडीतलं ओसरणं होतं. कातडीच्या रंगालाही मेंदूकडून हुकूम लागतो, तो बंद पडला होता.

आणखी एक गोष्ट घरात कुणीच कधी मोठ्यानं बोललं नाही. माझ्या जन्मानंतर आईची पाळी परत आलीच नाही. तेविसाव्या वर्षी थांबली. आज्जीनं त्याचाही अर्थ लावला होता: बरं झालं, दोनावर भागलं, ऑपरेशनचा खर्च वाचला.

*

माझा जन्म जुलै १९८३ चा, भोगावतीकाठच्या आमच्या गावात, घरातच. दादाच्या वेळी सगळं सुरळीत झालं होतं म्हणून याही वेळी सुईणीलाच बोलावलं. मी झाले आणि वार पडली नाही. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं आहे. काकी सांगते की गोधडी दोन वेळा बदलली, मग पोती घातली. आबा सांगतात की ओढ्याला पाणी होतं, बैलगाडी पलीकडं न्यायला तीन माणसं पाण्यात उतरली. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत आई शुद्धीत नव्हती. रक्ताची एक बाटली मिळाली, ती आबांच्या दोस्ताची. आई वाचली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले आणि तिथं ती गोष्ट संपली असं धरलं.

फक्त दूध आलं नाही. अळिवाची खीर झाली, शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले, खसखस झाली. एक थेंब नाही. शेजारच्या वहिनीला तेव्हा चार महिन्यांचं पोर होतं, तिनं मला थोडे दिवस घेतलं, मग म्हशीचं दूध पाणी घालून. लहानपणी भावंडं मला 'म्हशीची' म्हणून चिडवायची. मी चिडायचे नाही. आमची म्हैस पंढरपुरी होती, तलवारीसारख्या शिंगांची, रुबाबदार. माझा तिच्यावर जीव होता.

*

२०१७ च्या पावसाळ्यात आईला चक्कर यायला लागली. उठून बसली की डोळ्यांपुढं अंधारी. जेवण तुटलं. एका ठिकाणी दाखवलं, थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच २.८. "नॉर्मल आहे, वयाचं आहे, टॉनिक द्या." आम्ही टॉनिक दिलं. दिवाळीनंतर दुसरीकडं नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचा सुजरा चेहरा, घोगरा आवाज, कोरडी कातडी बघितली आणि टी-फोरची, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या हार्मोनची, तपासणी वेगळी करून घेतली. ते बरंच खाली आलं. मग थायरॉइडची गोळी सुरू केली. त्यांचं थायरॉइड ओळखणं बरोबर होतं. चुकलं ते वेगळंच, आणि ते आम्हाला फार महागात पडलं.

गोळी सुरू होऊन अकरावा दिवस. सकाळी आई उठेना. हलवलं तर डोळे उघडले, पण ओळख नाही. मला 'आक्का' म्हणाली. आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, ती जाऊन बारा वर्षं झाली होती. रिक्षात घातली. कॅज्युअल्टीत बीपी ८० वर ५०, रक्तातलं सोडियम ११४. नॉर्मल १३५ च्या पुढं असतं, हे मी झेरॉक्स काढून काढून पाठ केलं होतं. साखरही खाली.

दोन दिवस सलाइन चाललं. सोडियम थोडं चढायचं, परत घसरायचं. "मीठ कमी खातात का?" असं मला तीन जणांनी विचारलं. कोल्हापुरात, आमच्या घरात, मीठ कमी! तिसऱ्या दिवशी एक फिजिशियन राउंडला आले. वयस्कर, बारीक अंगाचे, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी आईची फाइल बघितलीच नाही आधी. तिचा हात हातात घेतला, कातडी बोटानं चाचपली, भुवया बघितल्या, नर्सला पडदा ओढायला सांगून आणखी काय ते तपासलं. मग तिच्या कानाशी वाकून विचारलं,

"मावशी, शेवटचं बाळंतपण अवघड गेलं होतं का?"

आईनं मान हलवली.

"लई रक्त गेलं?"

परत मान.

"आणि दूध? अंगावर दूध आलं होतं?"

आई ग्लानीत होती, पण हा प्रश्न तिला लख्ख कळला. तिनं डॉक्टरांकडं बघितलं नाही. कॉटच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते, चौतीस वर्षांची, हातात युरिनची बाटली धरून. ती माझ्याकडं बघत म्हणाली, "आलंच न्हाई ओ."

डॉक्टर सरळ झाले आणि नर्सला म्हणाले, "कॉर्टिसॉलसाठी रक्त काढा, आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन शंभर द्या." एवढंच. चौतीस वर्षं आणि तीन प्रश्न.

*

त्या रात्री मी दुकान उघडलं. शटर अर्धं वर, आत एक ट्यूब. घरी झोप येणार नव्हती. डीटीपी करणाऱ्याला लांब शब्दाची भीती नसते, तो तोडून टाइप करायची सवय असते. म्हणून तोडला.

पॅन म्हणजे सगळं. ग्रीक आहे. माझ्याकडं रोज वीस माणसं पॅन कार्डाची झेरॉक्स मागतात, त्याच्याशी याचा संबंध नाही. हायपो म्हणजे कमी. हायपर म्हणजे जास्त. एका अक्षराचा फरक आणि माणूस इकडचा तिकडं. पुढं विम्याच्या एका माणसानं आईच्या फॉर्मवर 'हायपर' लिहिलं आणि तो क्लेम दोन महिने लटकला, तेव्हा मी त्याला प्रूफरीडिंगवर छोटं व्याख्यान दिलं. पिट्यूटर म्हणजे पिट्यूटरी ग्रंथी. इझम म्हणजे ती अवस्था. सगळं जोडलं की 'पिट्यूटरीतून निघणारं सगळंच कमी'.

पिट्यूटरी हा शब्द लॅटिन 'पिट्यूटा'वरून आला, त्याचा अर्थ कफ, शेंबूड. जुन्या काळच्या वैद्यांना वाटायचं, मेंदूतली घाण या गाठीतून गाळून नाकावाटे बाहेर पडते. म्हणून शेंबडाची ग्रंथी. आपल्या मराठी पुस्तकवाल्यांनी मात्र तिला पियुषिका म्हटलं. माझ्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच शब्द आहे, शेजारी अवटु म्हणजे थायरॉइड, अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडावर बसलेली ग्रंथी. मी पीयूष म्हणजे अमृत एवढंच समजत होते, फार तर उपवासाचं ताक-श्रीखंडाचं पेय. कोश काढला तर दुसरा अर्थ सापडला. पीयूष म्हणजे गाय व्यायल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांचं दूध. चीक. ज्याचा खरवस करतात.

शटरखालून एक कुत्रं आत येऊन पायाशी बसलं होतं. मी त्याला हाकललं नाही.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी. वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत बसलेली. गरोदरपणात ती फुगते, कारण दुधाचा हुकूम सोडणाऱ्या पेशी वाढतात. रक्त मात्र तिला कमी दाबाच्या बारीक शिरांतूनच मिळतं. बाळंतपणात धो-धो रक्त गेलं, बीपी कोसळलं, की फुगलेल्या ग्रंथीला पुरेसं रक्त पोचत नाही आणि तिचा पुढचा भाग मरतो. मागचा भाग बहुधा वाचतो. पुढच्या भागातून सहा हुकूम सुटतात: दुधाचा, पाळीचे दोन, वाढीचा, थायरॉइडचा आणि अधिवृक्क ग्रंथीचा. दूध पहिल्याच आठवड्यात सांगून जातं. बाकीचं हळूहळू, कधी कधी वीस-तीस वर्षं घेऊन.

आबांना मी हे मुकादमाच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडं ऊसतोडीची टोळी येते. कोयते आहेत, माणसं धडधाकट आहेत, फड तयार आहे, पण मुकादम मेलाय. सकाळी "चला रं" म्हणणारं कुणी नाही. माणसं खोपटाच्या दारात बसून राहतात. त्यांना आळशी म्हणाल का? थायरॉइड धडधाकट, अंडाशय धडधाकट, अधिवृक्क धडधाकट. हाक नाही.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणि आम्ही तिलाच बोललो." ते उठून बाहेर गेले.

टीएसएचचं कोडंही यातच सुटतं. टीएसएच म्हणजे मुकादमाची थायरॉइडला मारलेली हाक. एरवी थायरॉइड दमलं तर मुकादम जास्त ओरडतो, टीएसएच वाढतं, रोग सापडतो. इथं मुकादमच घोगरा. आकडा २.८ येतो, दिसायला नॉर्मल, पण त्या हाकेत जोर नाही. अशा वेळी फक्त टीएसएच बघून कामच होत नाही, फ्री टी-फोर बघावं लागतं.

आणि गोळीनं आई का कोसळली? कॉर्टिसॉल हे अधिवृक्क ग्रंथीचं हार्मोन. आजार, ताप, जखम, कसलाही धक्का आला की शरीर त्याच्या जोरावर उभं राहतं. आईकडं ते जेमतेम होतं. थायरॉइडच्या गोळीनं शरीराचं चुलवाण पेटवलं, चिपाड मात्र मूठभर. होतं नव्हतं तेवढं कॉर्टिसॉलही भराभर खर्च झालं. म्हणून नियम असा, की आधी हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच औषधी रूप, द्यायचं आणि त्यानंतरच थायरॉइडची गोळी. क्रम उलटा झाला तर जिवावर बेततं.

नंतर आलेले आकडे मला अजून पाठ आहेत. सकाळी आठचं कॉर्टिसॉल १.२. प्रोलॅक्टिन, म्हणजे दुधाचा हुकूम, तळाला. एफएसएच, म्हणजे पाळीच्या दोन हुकुमांपैकी एक, ३. या शेवटच्या आकड्यावर डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या बाईचा एफएसएच चांगला चढलेला असायला हवा, कारण पाळी गेल्यावर मुकादम अंडाशयावर ओरडत राहतो. आईचा गप्प होता.

एमआरआयच्या रिपोर्टात होतं 'एम्प्टी सेला'. ग्रंथी ज्या खोबणीत बसते तिचं नाव सेला टर्सिका, म्हणजे तुर्की खोगीर, आकार तसा म्हणून. आईचं खोगीर रिकामं. दादा म्हणाला, "म्हणजे आता आयुष्यभर खोगीरभरती." आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. वाईट विनोद होता, पण खरा तसाच होता. बाहेरून आणून भरत राहायचं.

शीहान हे इंग्लंडचे एक डॉक्टर, हॅरॉल्ड शीहान. ग्लासगोच्या प्रसूतिगृहात त्यांनी दगावलेल्या बाळंतिणींच्या ग्रंथी तपासल्या आणि रक्तस्रावाशी त्यांचा संबंध जोडला. तो लेख १९३७ चा. कॉर्टिसोनच्या, म्हणजे याच जातीच्या हार्मोनच्या, कामाला नोबेल मिळालं १९५० साली. आईचं बाळंतपण १९८३ चं. वजाबाकी मी कॅल्क्युलेटरवर केली, गरज नसताना.

एवढा दुर्मीळ म्हणतात हा रोग. जिथं बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि रक्त वेळेत मिळतं, तिथं दुर्मीळ. आपल्याकडं किती बायका चुलीजवळ स्वेटर घालून बसल्या असतील, त्यांची मोजणी कुणी केली?

*

इंजेक्शन सुरू झाल्याच्या चौथ्या दिवशी आई भांडली.

मी डबा घेऊन पोचले तर ती उशीला टेकून बसली होती आणि चहा आणणाऱ्या मावशींना सुनावत होती, "ह्यो काय च्या हाय? म्हशी धुतल्यालं पानी." मावशी माझ्याकडं तक्रारीच्या नजरेनं बघत होत्या आणि मी दारातच थांबले. आईला चढ्या आवाजात बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. चौतीस वर्षांत नाही. मला वाटायचं तिचा स्वभावच मवाळ. आता कळतं की भांडायलाही कॉर्टिसॉल लागतं.

मग तिनं डब्यातली चटणी मागितली. कांदा-लसणाची. बोटानं चाटली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय."

घरी आल्यावर एक दिवस मी तिच्या पायाशी बसून म्हणाले, "आई, माझ्यामुळं झालं गं हे." ती गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून डबीत लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुझं काय त्यात? वार अडकली हुती, तू न्हाई." आणि थोड्या वेळानं, "मी पडतो जरा." आमच्याकडं बायका 'पडतो', 'येतो'च म्हणतात, पुण्यामुंबईच्या वाचकांनी गोंधळू नये.

सकाळी सहाला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, ती आबा देतात. पाण्याचा तांब्या घेऊन स्वतः उठवतात, आजवर एक दिवस चुकलेले नाहीत. आठला हायड्रोकॉर्टिसोन १० मिलिग्रॅम, दुपारी ५. वाढीचं हार्मोन या वयात आणि त्या किमतीत नको असं डॉक्टरांनीच सांगितलं. ताप आला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट. उलट्या झाल्या, गोळी पोटात टिकेना, तर इंजेक्शन आणि तडक दवाखाना. गोळी एक दिवसही स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

हे शेवटचं सांभाळणं सगळ्यात अवघड गेलं. स्टिरॉइड म्हटलं की प्रत्येकाकडं सल्ला असतो. हाडं पोकळ होतात, तोंड सुजतं, सवय लागते. आत्तीनं कसला काढा पाठवला. तालमीत जाणारा चुलतभाऊ डोळे मोठे करून म्हणाला, "काकी स्टिरॉइड मारती? मैदानात उतरनार काय?" त्याला समजावलं की पैलवान बॉडीसाठी घेतात ते वेगळं, आणि आई घेते ते फक्त जे शरीरात असायलाच हवं होतं तेवढंच, वर एक चिमूटही नाही.

*

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूरकरांना वेगळा सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे बंद, पेट्रोल फक्त अत्यावश्यक गाड्यांना, दूध नाही. आमचं घर शिवाजी पेठेत, तिथं पाणी नव्हतं, पण शाहूपुरीतल्या पाहुण्यांची दोन घरं आमच्याकडं आली होती. अकरा माणसं. आणि आईला जुलाब-ताप.

डबी उघडली तर हायड्रोकॉर्टिसोनच्या नऊ गोळ्या. दुप्पट डोस म्हणजे दिवसाला तीन. नऊ गोळ्यांचे तीन दिवस. ही गोळी सगळ्या दुकानांत मिळत नाही, आमचा दुकानदार सांगलीहून मागवायचा आणि सांगली स्वतःच पाण्यात. मी पाच मेडिकल पायी फिरले. पाचवीकडं तर मेणबत्ती लावून शोधलं त्यांनी. नाही.

फोनला रेंज यायची-जायची. गच्चीवर उभं राहून डॉक्टरांना लावला. ते शांतपणे म्हणाले, "प्रेडनिसोलोन मिळते का बघा, ती कुठंही मिळते. हायड्रोकॉर्टिसोन वीसच्या जागी प्रेडनिसोलोन पाच. आपल्या गोळ्या संपल्या की ताप आहे तोवर दिवसाला साडेसात लागेल. उलटी झाली तर मात्र थांबू नका, बोटीनं न्या." मी पावसात गच्चीच्या कठड्यावर बोटानं ते आकडे लिहिले, कागद नव्हता म्हणून. झेरॉक्सच्या दुकानाची मालकीण आणि कागद नाही.

उलटी झाली नाही. चौथ्या दिवशी आई त्या अकरा माणसांना भाकरी थापत होती आणि पाहुण्यांच्या सुनेला ओरडत होती की पीठ सैल मळलंस. तेव्हापासून घरात तीन महिन्यांचा साठा असतो, एक इंजेक्शन फ्रिजच्या वरच्या फळीवर, आणि ते टोचायला मी शिकले आहे.

*

आता एक तक्रार, मग थांबते. दर वेळी नवीन कुणाकडं जावं लागलं, दातासाठी, मोतीबिंदूसाठी, की तिथं कुणीतरी टीएसएच करतं. गोळी चालू असल्यामुळं आता तो ०.०५ वगैरे येतो. मग लगेच, "थायरॉइडचा डोस जास्त झालाय, निम्मा करा." एकानं चिठ्ठीवर लिहूनच दिलं होतं. आम्ही पाळलं असतं तर आई परत स्वेटरात. मुकादम मेला आहे, त्याची हाक मोजू नका, हे सांगायला मी प्रत्येक ठिकाणी कुठून येणार?

म्हणून कार्ड केलं. एटीएम कार्डाच्या मापाचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं. पुढं इंग्रजीत डॉक्टरांसाठी, मागं मराठीत. मराठी मजकुराची चार वेळा जुळणी केली. पहिल्यांदा 'पियुषिका ग्रंथीच्या अग्रभागाचा ऱ्हास' असं काहीतरी लिहिलं होतं. आबा वाचून म्हणाले, "हे रस्त्यात पडल्यावर कोण वाचनार?" शेवटी असं राहिलं: 'यांच्या शरीरात कॉर्टिसॉल तयार होत नाही. बेशुद्ध असतील किंवा उलट्या होत असतील तर लगेच हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन द्या. थायरॉइड तपासताना फ्री टी-फोर बघा, टीएसएच नको.' खाली माझा नंबर. निदानाचा लांब शब्द बारा पॉइंटात. आईनं तो बघितला आणि म्हणाली, "एवढ्याश्या वाटाण्याला एवढं मोठं नाव? बारीक कर की." दहा पॉइंटात केला. लॅमिनेट करून तिच्या बटव्यात, सुपारीच्या डबीशेजारी.

परवा दुपारी एक बाई आल्या, साठीच्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी आणि प्लॅस्टिकची फाइल. सुनेची डिलिव्हरी झाली होती, योजनेसाठी तीन-तीन प्रती हव्या होत्या. डिस्चार्ज कार्ड काचेवर पालथं घालताना नजर गेली. पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. रक्त, तीन बाटल्या. तारीख नऊ दिवसांपूर्वीची.

मी झाकण बंद केलं, बटण दाबलं आणि विचारलं, "दूध येतंय का ओ सुनेला?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "येतंय की भरपूर. पोरगं पिऊन पिऊन झोपतंय. का वं?"

"काही नाही," मी म्हणाले. "अठरा रुपये झाले."